पेट्रोलची वाफ आणि जुनी मोटार

वैशाखातल्या भर दुपारी खोपोली मागे टाकून बोरघाटाची चढण घेणारी, एरवी सर्वतोपरी निरोगी असलेली जुनी मोटार मध्येच आचके देऊ लागावी, पाय कितीही दाबला तरी तिने उचल घेऊ नये, आणि चार-दोन वळणांनंतर कठड्याशी येऊन तिने अंग टाकावे. टाकीत पेट्रोल आहे, बॅटरीत जोर आहे, स्टार्टर मारला की इंजिन फिरते आहे, तरी ते पेटू नये. आणि अर्ध्या तासाने, कोणी बोटही लावलेले नसताना, तिने काही घडलेच नाही अशा थाटात सुरू व्हावे, हा अनुभव ज्यांच्या पदरी फियाट, अँबॅसडर, हेराल्ड किंवा त्यांहून वयस्कर एखादी फोर्ड वा ब्युइक आहे, त्यांना केव्हा ना केव्हा येतोच. गॅरेजच्या बोलीत या व्याधीला ‘व्हेपर लॉक’ म्हणतात. पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत पोचण्यापूर्वीच वाटेत उकळते, नळीत आणि पंपात द्रवाच्या जागी वाफ भरते, आणि इंजिनाची उपासमार होते, एवढेच तिचे स्वरूप आहे.

पद्मिनी टॅक्सी हाकण्यात ज्यांची हयात गेली त्या मुंबईच्या चालकांपाशी या व्याधीवर एक ठरलेला इलाज असे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरताच २०२३ च्या ऑक्टोबरात ती रस्त्यावरून उतरली. तोवर पाण्याची बाटली आणि एक जाडसर फडके हा त्या गाडीच्या सरंजामाचाच भाग मानला जात होता. गाडी बंद पडली की बॉनेट उघडायचे, फडके ओले करून पंपावर टाकायचे, बिडी ओढण्यापुरता अवकाश द्यायचा (ती गाडीपासून दूर जाऊन ओढावी, हे सांगणे ओघाने आलेच) आणि पुन्हा स्टार्टर मारायचा. हा उपाय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण तो प्रथमोपचार आहे, चिकित्सा नव्हे. या गाड्या जेव्हा नव्या होत्या तेव्हाही महाराष्ट्रात उन्हाळा होता आणि घाटही होते, आणि बहुसंख्य गाड्या ते घाट फडक्यावाचून चढत होत्या. म्हणून नवे साहित्य विकत घेण्याआधी, कारखान्यातून निघताना गाडीत काय होते आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांत कोणाकोणाच्या हातून त्यातले काय गेले, याची तहकीकात प्रथम करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

पाणी जसे समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सियसवर उकळते तसा पेट्रोलला एकच एक उत्कलनबिंदू नाही. ते अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण असून त्यातील सर्वांत हलके घटक ३५ ते ४० अंशांच्या आसपासच वाफ होऊ पाहतात, तर सर्वांत जड घटकांना २०० अंशांच्या घरात जावे लागते. बॉनेटखाली इंजिनाचे पाणी ८०-९० अंशांवर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड त्याच्या कितीतरी पुढे असताना पेट्रोलचा काही अंश उकळीच्या उंबरठ्यावर असणारच. ती उकळी कोठे फुटते हे मात्र दाब ठरवितो. या गाड्यांत टाकी मागे आणि पंप पुढे, इंजिनाच्या अंगाला बसविलेला असतो. कॅमशाफ्टच्या धक्क्याने त्यातला डायफ्रॅम खाली-वर होतो आणि आठ-दहा फूट अंतरावरून पेट्रोल ओढून घेतो. ओढणे म्हणजे नळीतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबाखाली नेणे, आणि दाब उतरला की उकळीही अलीकडे येते. टाकीपासून पंपापर्यंतचा हा ओढीचा पल्लाच सर्वांत दुबळा. पंपापासून पुढे पेट्रोल थोड्याफार दाबाखाली असल्याने तेथे भय तुलनेने कमी. एकदा पंपात वाफ शिरली की डायफ्रॅमची ती इवलीशी हालचाल वाफेला नुसती दाबते आणि सैल सोडते. द्रवाच्या शंभर पटींहून अधिक जागा व्यापणारी ती वाफ पुढे सरकत नाही आणि मागून पेट्रोलही येऊ देत नाही.

घाटात ही सारी कारणे एका वेळी जमून येतात. इंजिनावर भार अधिक, म्हणून उष्णता अधिक; वेग कमी, म्हणून रेडिएटरमधून जाणारी हवा कमी; आणि उंची वाढेल तसा हवेचा दाब उतरत जातो, तो इतका की सुमारे साडेतेराशे मीटर उंचीच्या महाबळेश्वरी तो समुद्रकाठच्या मानाने सुमारे पंधरा टक्क्यांनी कमी भरतो. वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीच्या बाजारात गर्दीमुळे थांबावे लागलेली गाडी नेमकी तेथेच का रुसते, याचा उलगडा यातून होतो.

अगदी आरंभीच्या मोटारी या बाबतीत सुदैवी होत्या. १९२८ ते १९३१ या काळातल्या फोर्डच्या मॉडेल ए गाडीत टाकी पुढच्या काचेखालीच बसविलेली असे आणि पेट्रोल स्वतःच्या वजनाने कार्ब्युरेटरमध्ये उतरे. पंप नाही, म्हणून ओढही नाही. अनेक ब्रिटिश गाड्यांत ऑटोव्हॅक नावाची लहानशी मध्यस्थ टाकी असे. ती इंजिनाच्या निर्वाताने मागून पेट्रोल उचलून घेई आणि मग वजनानेच खाली सोडी. १९३२ साली फोर्डचे सुप्रसिद्ध व्ही-८ इंजिन आले, त्यात मात्र पंप इंजिनाच्या माथ्यावर, मागच्या अंगाला बसला आणि एक्झॉस्टच्या वाटा खुद्द ब्लॉकमधून काढल्या गेल्या. त्या गाडीचे मालक आजही या व्याधीबद्दल जितक्या कळकळीने बोलतात तितके दुसरे कोणी बोलत नसतील. ज्यांच्याकडे ती गाडी आहे त्यांना पुढे येणारी विद्युत पंपाची सूचना इतरांपेक्षा लवकर विचारात घ्यावी लागेल.

आता तपासाकडे वळू, आणि येथे थोडे रेंगाळणे अगत्याचे आहे. कारण व्हेपर लॉकच्या नावावर खपणाऱ्या तक्रारींपैकी निदान निम्म्या तरी, माझ्या समजुतीने, दुसऱ्याच कोणाच्या असतात. पहिला संशयित म्हणजे विजेचा विभाग. इग्निशन कॉइल किंवा डेल्कोतला (म्हणजे डिस्ट्रिब्यूटरमधला) कंडेन्सर म्हातारा झाला की तो थंड असताना निमूट काम करतो आणि तापला की हात वर करतो. गाडी थंड होताच पुन्हा चालू. लक्षणे तंतोतंत तीच. म्हणून गाडी बंद पडल्या क्षणी, ती थंड होण्याच्या आत, एका प्लगची तार काढून दुसरा एखादा प्लग तिला जोडावा, त्याचे धातूचे अंग इंजिनाला टेकवावे आणि कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगून ठिणगी पाहावी. ही पाहणी कार्ब्युरेटरपासून दूर आणि पेट्रोल कोठे सांडले-झिरपले नसल्याची खातरजमा करूनच व्हावी. निळसर, कडक ठिणगी पडत असेल तर विजेचा विभाग दोषमुक्त. पिवळी, मरगळलेली असेल किंवा मुळीच नसेल, तर पेट्रोलची फिर्याद तेथेच निकालात काढावी.

दुसरा संशयित आहे टाकीचे झाकण, आणि तो इतका सामान्य दिसतो की त्याच्याकडे कोणाचे लक्षच जात नाही. टाकीतले पेट्रोल जसजसे कमी होते तसतशी त्याच्या जागी बाहेरची हवा आत यावी लागते, आणि जुन्या गाड्यांत त्यासाठी झाकणात एक बारीक छिद्र असते. ते धुळीने बुजले, किंवा मूळ झाकण हरवून बाजारातून दुसऱ्याच गाडीचे बिनछिद्राचे झाकण बसविले गेले, की टाकीत निर्वात साचत जातो, पंपाची ओढ व्यर्थ ठरते आणि पेट्रोल अधिकच सहज उकळते. गाडी अडली की प्रथम झाकण सैल करून कान द्यावा. आत हवा ओढली जाण्याचा फुस्स आवाज आला आणि गाडी चालू झाली, तर पाच रुपयेही न खर्चता व्याधी बरी झाली म्हणायची.

तिसरी शक्यता व्हेपर लॉकची सख्खी बहीण म्हणावी अशी आहे, पण तिचे वर्तन नेमके उलटे असते. धावती गाडी थांबवून इंजिन बंद केले की पाणी फिरायचे थांबते, पंखा थांबतो, पण तापलेल्या लोखंडातली उष्णता कोठे जाणार? ती वर चढते, आणि पुढची दहा-वीस मिनिटे बॉनेटखालचे तपमान कमी होण्याऐवजी वाढते. अशा वेळी कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमधले पेट्रोल उकळून उतू जाते, मॅनिफोल्डमध्ये ओघळते, आणि चहा पिऊन परत आलेल्या चालकाला पेट्रोलचा उग्र वास येतो. येथे इंजिन उपाशी नसून अतिभोजनाने गुदमरलेले असते. ॲक्सलरेटर वारंवार हापसणे हा यावरचा सर्वांत वाईट उपाय. तो एकदा सावकाश तळापर्यंत दाबून तसाच धरावा, चोकला हात लावू नये, आणि स्टार्टर मारावा, म्हणजे भरपूर हवा आत जाऊन साचलेली वाफ निघून जाते.

उपाशी की गुदमरलेले, हे ठरविण्याची सोपी रीत अशी. इंजिन बंद ठेवून एअर क्लीनर काढावा आणि कार्ब्युरेटरच्या गळ्यात पाहत थ्रॉटलचा दांडा हाताने ओढावा. सोलेक्स, झेनिथ किंवा वेबर यांसारख्या ज्या कार्ब्युरेटरांत ॲक्सलरेटर पंप असतो, तेथे पेट्रोलची बारीक पण स्पष्ट धार पडलेली दिसली पाहिजे. ती पडली नाही तर फ्लोट चेंबर कोरडा आहे आणि व्हेपर लॉकचा संशय बळावतो. एसयू कार्ब्युरेटरला असा पंप नसल्याने तेथे फ्लोट चेंबरचे झाकण उघडूनच पाहावे लागते. ज्या एसी बनावटीच्या पंपाला तळाशी किंवा माथ्यावर काचेची वाटी असते, त्याच्या मालकाला तर ही परीक्षा आयतीच उपलब्ध आहे: वाटीत पेट्रोल स्वच्छ उभे आहे की फेसाळते आहे, हे डोळ्यांना दिसते. मात्र फेस दिसला म्हणून लगेच निकाल देऊ नये. वाटीखालचे बुचाचे पॅकिंग सुकून आक्रसले असेल, किंवा टाकीकडून येणाऱ्या नळीच्या सांध्याला चीर असेल, तर पंप पेट्रोलबरोबर बाहेरची हवाही ओढतो आणि बुडबुडे तसेच दिसतात. ही चीर ओढीच्या बाजूला असल्याने तेथून पेट्रोल गळेलच असे नाही. म्हणून मिस्त्री खालून पाहून नळी शाबूत असल्याचा दाखला देऊन मोकळे होतात. पहाटेच्या गारव्यात गाडी नुकतीच चालू केली असतानाही वाटीत बुडबुडे असतील तर ती हवा आहे. गाडी तापल्यावरच आणि चढणीवरच दिसू लागतील तर ती वाफ.

वाफ ठरली, की पुढचा विचार उष्णतेच्या उगमाचा. ज्या रेडिएटरला वर्षानुवर्षे विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी पाजले गेले आहे त्याच्या नळ्यांत क्षाराचा थर साचतो. तो काढविल्याशिवाय पुढचे सारे उपाय अपुरे पडतील. पंख्याभोवतीचे पत्र्याचे वेष्टण, रेडिएटरच्या दोन्ही बाजूंच्या रबरी पट्ट्या, इंजिनाखालचा पत्रा, ही मंडळी कोणत्या तरी दुरुस्तीच्या वेळी काढली जातात आणि परत बसविण्याचा कंटाळा केला जातो. पण हवा रेडिएटरला वळसा घालून न जाता त्याच्या आरपार जावी, यासाठीच कारखान्याने त्यांची तजवीज केलेली असते. आपल्याकडे थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा एक जुना शिरस्ता आहे. गाडी त्यामुळे थंड राहते अशी समजूत. ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताच बायपासची वाट बंद होते, त्यांत तो काढल्यावर ती वाट कायमची उघडी राहते आणि गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरकडे न फिरकताच इंजिनात परततो, हे त्या समजुतीला माहीत नसते. ठिणगीचे टायमिंग मागे पडलेले असेल तर ज्वलन उशिरा होऊन एक्झॉस्ट विनाकारण तापतो. जुन्या अमेरिकन गाड्यांत थंडीच्या दिवसांत मॅनिफोल्ड ऊबदार राहावा म्हणून एक्झॉस्टमध्ये एक झडप दिलेली असते. आपल्याकडे ती गंजून बंद स्थितीत अडकली तर बारा महिने कार्ब्युरेटरच्या बुडाशी निखारे ठेवल्यासारखे होते. हाताने हलवून ती मोकळी आहे ना, एवढे पाहिले तरी पुरते.

यानंतर पेट्रोलच्या नळीचा मार्ग टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत, गाडीखाली आडवे होऊन, बोटाने चाचपत पाहावा. मूळ धातूची नळी कोठे तरी गळू लागली म्हणून तेवढा तुकडा कापून प्लॅस्टिकची पारदर्शक नळी घातलेली, ती पुढे सायलेन्सरच्या पाइपाला जवळजवळ टेकलेली, आणि इंजिनाजवळ एक पारदर्शक फिल्टर सिलिंडर हेडवर आडवा पहुडलेला, हे दृश्य इतक्या गाड्यांत सापडते की ते पाहून आता राग येत नाही, फक्त थकवा येतो. नळी एक्झॉस्टपासून निदान दोन-तीन इंच दूर, मूळच्या चिमट्यांत, चॅसिसच्या थंड बाजूने जावी; जेथे नाइलाजाने जवळ यावे लागते तेथे दोहोंच्या मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा दोन्हीकडे हवेची फट राखून बसवावा. नळीवर काचतंतूचे किंवा सिरॅमिकचे वेष्टण चढविण्यास हरकत नाही. मात्र जुन्या पुस्तकांत सांगितलेली ॲस्बेस्टॉसची दोरी फुप्फुसांना घातक असल्याने तिचे नावही काढू नये. वेष्टणाकडून फार अपेक्षाही ठेवू नये. ते उष्णता रोखत नाही, तिला उशीर लावते. पेट्रोल वेगाने पुढे सरकत असेल तरच त्या उशिराचा लाभ. अमेरिकेत नळीवर कपडे वाळत घालण्याचे लाकडी चिमटे ओळीने लावण्याची एक जुनी प्रथा आहे. त्याने काही साधते असे मला वाटत नाही. पण चिमटे लावण्यात वेळ जातो, तेवढ्यात इंजिन थंड होते, आणि श्रेय चिमट्यांना मिळते.

तुंबलेल्या फिल्टरचा आणि वाफेचा संबंध चटकन लक्षात येत नाही, म्हणून तो वेगळा सांगतो. पंपाच्या अलीकडे असलेला फिल्टर गाळाने भरला की तेवढेच पेट्रोल आणण्यासाठी पंपाला अधिक ओढ लावावी लागते, नळीतला दाब आणखी उतरतो, आणि थंड दिवशी सुखाने चालणारी गाडी उन्हात उकळी फोडते. जुन्या टाकीतला गंज हा त्या गाळाचा अखंड पुरवठा. टाकी उतरवून, धुऊन घेतल्याखेरीज नवनवे फिल्टर घालीत राहणे म्हणजे नुसता खर्च.

पंप आणि इंजिन यांच्यामध्ये, तसेच कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये, बऱ्याच गाड्यांत बेकेलाइटचा किंवा तत्सम उष्णतारोधक द्रव्याचा जाड तुकडा असतो. तो तडकला की मिस्त्री त्याच्या जागी कागदी पॅकिंग घालतो, आणि त्या क्षणापासून लोखंडाची उष्णता पंपात विनासायास उतरू लागते. हा तुकडा परत बसविणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी उपायांपैकी एक. मात्र पंपाखालचा तुकडा मूळच्याच जाडीचा हवा. जाडी वाढली तर पंपाचा दांडा कॅमपासून दूर जाऊन त्याची हालचाल कमी होते आणि पेट्रोल पुरेसे येत नाही. कमी झाली तर दांड्यावर नको तितका ताण येतो. कार्ब्युरेटरखाली जाड तुकडा घालण्यास अधिक मुभा आहे, पण तेथेही थ्रॉटलचे दांडे जुळतात का आणि बॉनेट लागते का, हे बंद करण्याआधी पाहावे.

एवढे सारे करूनही गाडी घाटात थांबत असेल, तर मग कारखान्याच्या मूळ योजनेत हात घालण्याचा अधिकार मालकाला आहे, असे मी मानतो. शुद्धतावादी मंडळी याला नाक मुरडतील. परंतु आपण गाडीत जे पेट्रोल भरतो तेच मुळात तिच्या काळातले नाही. भारतात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल २०२३ पासून मिळू लागले आणि २०२५ पर्यंत ते जवळजवळ सर्वत्र पोचले. इथेनॉल स्वतः ७८ अंशांवर उकळते, म्हणून ते मिसळल्याने पेट्रोल जड व्हावे असे वाटते; प्रत्यक्षात पेट्रोलच्या हलक्या घटकांशी त्याचा असा संयोग होतो की मिश्रणाचा बाष्पदाब वाढतो, आणि ही वाढ पाच-दहा टक्क्यांना सर्वाधिक असली तरी वीस टक्क्यांनाही पुरती ओसरत नाही. शिवाय इथेनॉल जुन्या रबराला फुगविते व भेगाळते, आणि हवेतले पाणी ओढून घेऊन टाकीला गंज आणते. तेव्हा रबरी नळ्या, पंपाचा डायफ्रॅम आणि पॅकिंग इथेनॉल सोसणाऱ्या द्रव्याची, शक्य तेथे व्हायटॉनची, घालून घेणे ही चैन नव्हे. अधिक ऑक्टेनचे महाग पेट्रोल भरल्याने वाफ कमी होते हा मात्र भ्रम. ऑक्टेनचा संबंध इंजिनाच्या ठोक्याशी आहे, उकळण्याशी नव्हे. काही जुने चालक पेट्रोलमध्ये थोडे रॉकेल मिसळण्याचा सल्ला देतात. त्याने उकळी लांबते हे खरे, पण ऑक्टेन घसरून चढणीवर इंजिन ठोकू लागते आणि पिस्टनवर संकट येते. हा सौदा कोणी करू नये.

मूळ योजनेतील पहिली दुरुस्ती म्हणजे टाकीजवळ विद्युत पंप बसविणे. तो ओढण्याऐवजी ढकलतो, सारी नळी दाबाखाली येते, आणि दाबाखालचे पेट्रोल उशिरा उकळते. रोगाच्या मुळावरच हा घाव आहे. पण निवड डोळसपणे करावी. जुन्या कार्ब्युरेटरची सुई साधारण दोन ते साडेतीन पौंड प्रति चौरस इंच दाबासाठी घडविलेली असते, आणि एसयूला त्याहूनही कमी पुरतो. आजच्या इंजेक्शनच्या गाडीचा पंप बसविला तर तो त्याच्या अनेक पट दाब देऊन सुई ढकलून देईल आणि पेट्रोल तापल्या मॅनिफोल्डवर ओसंडेल. पंप टाकीच्या पातळीखाली, सायलेन्सरपासून दूर आणि खडी उडणार नाही अशा जागी असावा. अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते आणि कित्येक गाड्या सहा व्होल्टच्या असतात. आजचे बहुतेक पंप बारा व्होल्टचे आणि ऋण टोक जमिनीला असे गृहीत धरून बनविलेले असल्याने, जोडणीपूर्वी हे तपासले नाही तर पंप नीट चालत नाही किंवा पहिल्याच दिवशी जळू शकतो.

त्याहून महत्त्वाचा बंदोबस्त सुरक्षेचा. यांत्रिक पंप इंजिन थांबले की आपोआप थांबतो. विद्युत पंपाला ती अक्कल नसते. अपघातात नळी तुटली तरी तो इमानेइतबारे पेट्रोल ओतीत राहील. म्हणून त्याच्या वाटेत फ्यूज आणि धक्क्याने उघडणारा इनर्शिया स्विच, किंवा ऑइलचा दाब नाहीसा होताच वीज तोडणारा स्विच असलाच पाहिजे. तो नसेल तर पंप बसवू नये, इतक्या स्पष्ट शब्दांत सांगतो. जुना यांत्रिक पंप तसाच ठेवून विद्युत पंप केवळ घाटापुरता चालविण्याची रीत सोयीची आहे, पण तीत एक छुपा धोका आहे: यांत्रिक पंपाचा डायफ्रॅम फाटला तर मागून दाबाने येणारे पेट्रोल त्यातून थेट इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरते. म्हणून डायफ्रॅम नवा घालावा, आणि डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतो का, हे अधूनमधून हुंगून पाहावे. शंका असल्यास यांत्रिक पंप जागेवर शोभेपुरता ठेवून नळी त्याच्या बाहेरून न्यावी. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील गाडीला व्हिंटेजची स्वतंत्र नोंदणी दिली आहे आणि तीत गाडीच्या मूळ स्वरूपाला मोल आहे. तेव्हा नवे छिद्र न पाडता, जुन्याच चिमट्यांवर, उद्या परत काढता येईल अशी जोडणी करणे श्रेयस्कर.

दुसरी दुरुस्ती कमी परिचित, पण मला अधिक सुबक वाटणारी आहे. पंप आणि कार्ब्युरेटर यांच्या मध्ये तीन तोंडांचा सांधा घालून, त्याच्या एका तोंडातून साधारण एक ते दीड मिलिमीटरच्या बारीक छिद्रातून, थोडे पेट्रोल सतत टाकीकडे परत जाऊ द्यायचे. त्यामुळे इंजिन मंद चालत असतानाही नळीतले पेट्रोल वाहते राहते, तापायला त्याला उसंत मिळत नाही, आणि वाफ झालीच तर ती कार्ब्युरेटरऐवजी टाकीची वाट धरते. साठच्या दशकातल्या, वातानुकूलन असलेल्या कित्येक अमेरिकन गाड्यांत ही योजना कारखान्यातूनच येत असे. परतीची नळी टाकीच्या वरच्या भागात सोडावी, आणि छिद्र मोठे करण्याचा मोह टाळावा. नाहीतर कार्ब्युरेटरच्या वाट्याला काही उरणार नाही.

चालविण्याच्या रीतीबद्दल थोडक्यात. उन्हाळ्यात घाट सकाळच्या प्रहरी ओलांडावा, टाकी निम्म्याखाली जाऊ देऊ नये, कारण भरलेली टाकी उशिरा तापते. चढणीवर वरच्या गिअरमध्ये रखडण्यापेक्षा खालच्या गिअरमध्ये इंजिन मोकळे फिरवावे. पंखा आणि पाण्याचा पंप दोन्ही जोरात चालतात आणि नळीतले पेट्रोलही लवकर पुढे सरकते. माथ्यावर पोचताच इंजिन बंद न करता मिनिट-दोन मिनिटे सावकाश चालू द्यावे, आणि बंद केल्यावर बॉनेट उघडे ठेवावे. जुन्या मोटारींच्या मिरवणुका बहुधा हिवाळ्यात निघतात, तरी त्यांची माणसाच्या पावली चालणारी गती गाडीला घाटाइतकीच जाचक ठरते. पुढच्या गाडीशी अंतर राखून तिच्या सायलेन्सरची गरम हवा आपल्या रेडिएटरवर येऊ न देणे, एवढे तरी करता येते.

ओल्या फडक्याचे शास्त्र म्हणजे माठाचेच शास्त्र: पाण्याची वाफ होताना ती पंपातली उष्णता घेऊन जाते. साहजिकच नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हाळ्यात ते झटकन गुण देते, आणि रत्नागिरी-पणजीच्या दमट हवेत त्याच फडक्याला दुप्पट वेळ लागतो. फडके पिळून, नुसते ओलसर करून पंपाभोवती गुंडाळावे. बाटली उपडी करून थंड पाणी ओतू नये. पंपाची काचेची वाटी तडकते, तापलेल्या बिडाच्या मॅनिफोल्डला चीर पडू शकते, आणि डेल्कोत पाणी गेले तर एका व्याधीच्या जागी दोन होतात. हेराल्डसारख्या गाडीत एसी पंपाच्या खालच्या अंगाला हाताने पेट्रोल चढविण्याची लहानशी कडी असते. पंप जरा निवला की ती दहा-पंधरा वेळा दाबावी, म्हणजे वाफ पुढे निघून जाते आणि स्टार्टरवरचा, पर्यायाने बॅटरीवरचा, भार वाचतो. कडी दाबताना प्रथम हाताला विरोध जाणवतो आणि मग ती सैल पडते; ती सैल पडली म्हणजे फ्लोट चेंबर भरला.

केलेल्या दुरुस्तीची परीक्षा डिसेंबरात घेण्यात अर्थ नाही. एप्रिल-मेच्या दुपारी, अग्निशामक नळकांडे आणि एक जाणता सोबती बरोबर घेऊन, गाडी तासभर चालवावी, एखादी बरी चढण चढवावी, माथ्यावर पंधरा मिनिटे बॉनेट मिटून बंद ठेवावी आणि मग सुरू करावी. चालतानाच अडली तर दोष टाकी आणि पंप यांच्या दरम्यान शोधावा. थांबून परत सुरू होताना अडली तर कार्ब्युरेटरखालचा उष्णतारोधक तुकडा पाहावा. आणि सुरू होऊन दोन-तीनशे मीटरवर अडली, तर फ्लोट चेंबरमधला साठा संपेपर्यंत तिने दम धरला होता आणि पंप अजूनही वाफेनेच भरलेला आहे, असे समजून तपास पंपापासून पुन्हा सुरू करावा.